पैसा आला, पण पहाटे उठायचं कशासाठी?

‘एवढं सगळं असून मन का लागत नाही?’ हा प्रश्न समुपदेशनात नेहमीचा आहे. विचारणाऱ्या माणसाला त्याची लाजही वाटत असते, कारण लोक म्हणतात, ‘तुला काय कमी आहे?’ सिन्नर तालुक्यातले एक शेतकरी, त्यांना भाऊ म्हणू, हाच प्रश्न घेऊन आले होते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

समृद्धी महामार्ग सिन्नरमधून जातो. 2017 पासून त्यासाठी थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या आणि मोबदला रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, पाचपटीपर्यंत मिळाला. भाऊंची बहुतेक जमीन त्यात गेली. सोसायटीचं कर्ज फिटलं, बंगला झाला, दारात मोठी गाडी आली, मुलाला दुकान टाकून दिलं, मुलीचं लग्न थाटात झालं. बाकीची रक्कम बँकेत ठेवली.

“मॅडम, पहाटे चारला डोळा उघडतो. जन्माची सवय. पण उठून करू काय? फरशीसुद्धा बाई येऊन पुसती.”

त्यांची झोप तुटलेली, जेवण कमी झालेलं. मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. “जगून काय करायचं, असं येतं कधीकधी,” ते म्हणाले. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध आणि बोलणं, दोन्ही बरोबरच चाललं. (अशा वेळी 14416 या ‘टेली-मानस’च्या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं.)

भाऊंनी स्वतःचं निदान करूनच आणलं होतं: “पैशानं वाटोळं केलं. महाराज सांगतात ते खरं, पैशात सुख नाही.” हे मी तसंच मान्य केलं नाही. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ज्याच्या डोक्यावर सावकार बसलाय त्याला ते सांगून बघा. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा एक मोठा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठं बक्षीस लागलेले लोक दहा-दहा वर्षांनंतरही आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते. रोजच्या आनंदावर मात्र पैशाचा परिणाम त्या मानाने बराच कमी दिसला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि भाऊंची गल्लत तिथेच होत होती.

म्हणून त्यांना एका कागदावर लिहायला सांगितलं, पैशाने काय काय सुटलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेत झालं. खताच्या दुकानदाराला तोंड चुकवायला लागत नाही. पाऊस लांबला तरी छातीत धडधडत नाही. यादी लांबत गेली, तसे ते जरा ओशाळले. पैशाने त्याचं काम चोख केलं होतं. गेलं होतं ते दुसरंच: दिवसभराचं काम, ‘यंदा काय लावू?’ म्हणून गावाने विचारलेला सल्ला आणि रात्री अंग टाकल्या टाकल्या लागणारी झोप.

मग आठवडाभर रोज कधी बरं वाटलं, ते टिपून ठेवायला दिलं. वही जवळजवळ कोरीच परत आली. एकच नोंद होती: शेजाऱ्याच्या कांदाचाळीत कांदा निवडत बसलो, जेवायचं भान राहिलं नाही. वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, ते पटलं नव्हतं. “एवढे पैसेवाले, आणि लोकाच्या चाळीत बसतात. गाव हसतं.” श्रीमंती आली की काही कामं माणसाला शोभेनाशी होतात, आणि नेमकी तीच त्याला तगवून धरत असतात. दोघांना एकत्र बसवून यावर बराच वेळ बोललो. पुढे भाऊंनी थोडी जमीन निम्म्या वाट्याने करायला घेतली. नफा जेमतेम, पण चारला उठण्याला कारण मिळालं.

बहिणींचा विषय वहिनींनीच काढला. मोबदला यायच्या आधी दोघी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. साडीचोळी केली, थोडी रक्कम दिली, आणि खरा आकडा सांगितला नाही. धाकटी तेव्हापासून राखीला आली नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना समान वाटा महाराष्ट्रात 1994 पासून आहे, देशभर 2005 पासून. भाऊंना कायदा माहीत होता. “सह्या त्यांनी राजीखुशीनं दिल्या,” ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

त्यांच्या मनात दोघींना चेक पाठवून मोकळं व्हायचं होतं. मी विचारलं, “आकडा माहीत असता, तर त्यांनी सही केली असती का?” त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत म्हणाले, “कागदं घेऊन जातो.”

थोरलीने आकडा ऐकला, रडली, आणि मग खर्चाचा हिशेब मागितला. दुकान आणि लग्नाचा खर्च वजा करायला ती तयार नाही. तो तुझ्या मुलांवरचा खर्च, असं तिचं म्हणणं आहे. मला ते रास्त वाटतं, पण ठरवायचं त्यांनी आहे. मुलाचा विरोध आहे. वाटणीचं बोलणं अजून चालू आहे, भाऊंचं औषधही चालू आहे. धाकटीने त्यांना घरात घेतलं, चहा दिला. कागदं मात्र बघितली नाहीत.