राहुटीतली सुपारी आणि तुझी प्रबंधिका

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातली, नाट्यशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी ‘महाराष्ट्रातील तमाशा : एक अभ्यास’ हा विषय दिला, तो सरांनी तीनदा परत केला. संशोधन पद्धतीच्या तासाला गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली असं शिकवतात, त्याचा रंगमंचाशी काय संबंध तेच कळत नाही. मला नाटक करायचंय. पप्पा म्हणतात नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा दे, प्राध्यापक हो. संशोधन मला जमेल का? (नाव छापू नये.)

उत्तर : तीनदा विषय परत आल्यावर कुणाचंही मन खट्टू होईल. पण सरांचं बरोबर आहे. ‘महाराष्ट्रातील तमाशा’ हे अख्खं शिवार झालं, त्यातला तुझा वाफा कुठला ते सांगितलेलं नाहीस. या विषयावर तू लिहायला बसलीस तर गण, गवळण, बतावणी आणि वग म्हणजे शेवटचं कथानाट्य, हे तमाशाचे भाग जुन्या पुस्तकांतून उतरवशील, शेवटी लोककला जगली पाहिजे असं म्हणशील, आणि तुझ्या डोळ्यांनी पाहिलेली एक ओळ त्यात येणार नाही.

आणि तू राहतेस जुन्नर तालुक्यात! नारायणगाव तुझ्या हाकेच्या अंतरावर. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसं येतात, सुपारी म्हणजे खेळाचा सौदा ठरतो. कधी राहुटीत बसून ऐकलंयस? कमिटीवाले आधी काय विचारतात? वग कोणता, की गाणी किती? दुसऱ्या दिवशी हजेरीचा खेळ होणार का? कुठल्या उत्तरावर आकडा वर चढतो? माझ्या मते तुझा प्रश्न इथे आहे : सुपारी ठरताना झालेल्या बोलण्यावर रात्रीचा प्रयोग कितपत ठरतो? एक हंगाम, दोन फड, प्रत्येकाची दोन गावं. एम.ए.च्या प्रबंधिकेला एवढं पुरतं.

हा प्रश्न हातात घेऊन पद्धतीच्या तासाला बस, तेच शब्द वेगळे ऐकू येतील. कुठले दोन फड घेतलेस आणि तेच का, ही झाली नमुना निवड. दोन्ही नावाजलेले घेतलेस तर लहान फडांची ओढाताण तुझ्या लिखाणात येणारच नाही. गाण्यांची मागणी जास्त तिथे वग आखूड होत असेल, हा तुझा आजचा अंदाज म्हणजे गृहीतक. तो खोटा ठरला तर तसंच लिही. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत.

प्रश्नावली तुला फारशी लागणार नाही, पण तिला नावं ठेवू नकोस. १९७५-७६ मध्ये इस्रोने ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग केला, ६ राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले. त्याचा परिणाम तपासायला मोठी सर्वेक्षणं झाली, शिवाय काही अभ्यासक काही गावांत मुक्कामालाच राहिले. कार्यक्रम किती जणांनी पाहिला, हे प्रश्नावली सांगते. संचापुढे कोण बसलं आणि कोण भिंतीआडून बघत राहिलं, ते कळायला गावात राहावंच लागतं. तुझं काम या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

प्रयोगाच्या रात्री वहीच्या मधोमध रेघ मार. डावीकडे घड्याळातली वेळ, उजवीकडे जे दिसलं ते. गवळणीत मावशी, म्हणजे बाईच्या वेशातला विनोदी नट, आली, पुढच्या रांगा हसल्या, बायकांच्या बाजूला शांतता. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी पैसे देणं, किती वेळ चालली, वग किती वाजता सुरू झाला, कुठे थांबवला. आपलं मत त्या पानावर लिहू नकोस, त्यासाठी सकाळी वेगळं पान ठेव. आणि वग आखूड झाला म्हणून लगेच सुपारीकडे बोट दाखवू नकोस. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे. वगाला कात्री कमिटीने लावली की पोलिसांच्या वेळेने, हे वेगळं काढता आलं, तरच तुझ्या म्हणण्यात दम. यासाठीच दोन-दोन गावं घ्यायची.

मोबाइलवरच्या चित्रफितींवर भिस्त ठेवू नकोस. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चंच बघ. १९१३चा हा चित्रपट ४ रिळांचा होता, त्यातली पहिली आणि शेवटची एवढीच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत. तीही १९१७च्या नव्या आवृत्तीतली असावीत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे शंभर वर्षं ज्याला आपण पहिला चित्रपट म्हणून पाहतो, त्याच्याबाबतही हे नेमकं काय आहे हे विचारावं लागतं. तमाशाच्या क्लिपला तर विचारायलाच हवं : कुणी काढली, कुठल्या गावी, मधलं काय कापलं?

मुलाखतींचं जपून कर. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी-तमाशाकडे जात आणि बाईचे श्रम यांच्या नजरेने पाहायला शिकवलं. त्यांचं लेखन राहुटीत पाऊल टाकण्याआधी वाच. कलावंत बायकांना दुःखाच्या गोष्टी विचारणारे पुष्कळ येऊन गेलेत. तू कामाबद्दल विचार : आज कुठलं गाणं लावायचं हे कोण ठरवतं? रेकॉर्डिंगची परवानगी आधी घे, नाव छापायचं का ते विचार, त्यांनी नको म्हटलेला पैशाचा आकडा लिहू नकोस. तारीख, गाव आणि फडाचं नाव प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोल. मी माझ्या एम.ए.च्या वेळी एका वृद्ध नटाच्या सहा कॅसेट भरल्या आणि एकीवरही तारीख टाकली नाही. ते गेले. कुठली आठवण कुठल्या प्रयोगाची, हे आता सांगणारं कुणी नाही. ती हळहळ अजून जात नाही.

आता पप्पांचं. नेटमध्ये नाट्यविषय आहे, आणि २०२४पासून पीएच.डी. प्रवेशालाही नेटचे गुण धरतात. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे शिकताना घरावर भार नाही. पण नाट्यशास्त्राच्या कायम जागा फार थोड्या निघतात, हेही त्यांना सांग. परीक्षा जरूर दे, सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नकोस. नाटक सोडायचं तर कारणच नाही. समोरचा माणूस कसा बसतो, कुठे थांबतो, काय बोलायचं टाळतो, हे टिपण्याची सवय नट म्हणून तुला लागलेलीच आहे. राहुटीत तीच लागणार, म्हणून म्हणतो, जमेल.

विषयाचं एक पान या आठवड्यात सरांना नेऊन दे. पाडव्याआधी दोन दिवस नारायणगाव गाठ. पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीत राहू दे, चहा घे, कुठल्या गावची ते सांग. दुसऱ्या दिवशी फडमालकांना एवढंच विचार, की सुपारीच्या जुन्या पावत्या किंवा वह्या कुणी जपून ठेवल्यात का, आणि बघायला मिळतील का.