स्केच मिळालं, आता टेप घेऊन ये

अरे पोरा,

तुझं पिकअपचं स्केच मिळालं, मोबाइलवर मोठं करकरून बघितलं. हात चांगलाय तुझा, खोटं नाही बोलत, ते गोल हेडलाइट आणि जुन्या जीपसारखी उभी जाळी बघून मी पण जरा हळवा झालो. पण मला सांग, माल ठेवायचा हौदा कुठाय? म्हणजे आहे, पण चार दरवाजांची केबिन झाल्यावर जी जागा उरली तिथं तू तो कोंबलायस. पाच फूट तरी आहे का?

तीस वर्षं हौदे बांधतोय म्हणून सांगतो, जुन्या गाडीचं नाक सगळे कॉपी करतात, पाठ कुणी बघत नाही. 1988 ला टाटामोबाइल 206 पिकअप आली, मागून 207 आली, आणि त्याच चासीवर 1991 ला सिएरा निघाली. म्हणजे तू स्टेटसला ठेवतोस ती सिएरा मुळात पिकअपची बहीण आहे बघ.

आणि 2005 चा छोटा हत्ती घे, म्हणजे टाटा एस. इंडिकाचं इंजिन अर्धं केल्यासारखं दोन सिलिंडरचं 702 सीसीचं इंजिन, देखणा म्हणून तो कुणी घेतला नसणार. पण चाकं 12 इंची, त्यामुळं हौद्याची फरशी चाकांवरून सपाट जाते आणि तरी खालीच राहते, आत चाकांची टेंगळं नाहीत, एकटा माणूस टोमॅटोचा वीस किलोचा कॅरेट मांडीवर टेकवून आत सरकवतो आणि पुढच्या कॅरेटला वळतो. हौदा सात फुटांच्या वर लांब, पाच फुटांच्या आसपास रुंद, तीन बाजूंचे फाळके, म्हणजे बिजागरीवरच्या भिंती, खाली पडतात. ह्याला मी डिझाइन म्हणतो, तुझे सर काय म्हणतात माहीत नाही.

मी पण गाढवपणा केलाय. एका गिऱ्हाइकाच्या पिकअपला हौसेनं बाजूचे फाळके फिक्स केले, वर गोलाई दिली, पट्टे मारले, फोटो काढले. आठ दिवसांत गाडी परत. त्याच्या शेतात गाडी बांधाला आडवीच लागते, माल बाजूनंच चढतो, आणि बाजू तर मी बंद करून ठेवलेली. गॅस कटरनं माझंच काम मी कापलं, बिजागऱ्या लावल्या, पैसे कुठल्या तोंडानं मागणार.

आता जुनं सगळं सोनं होतं असंही डोक्यात घेऊ नकोस हां. पॉवर स्टेअरिंग नसलेली भरलेली गाडी गल्लीत वळवून बघ, खांदे रात्री सांगतील. एअरबॅग, एबीएस राहू दे, त्यात जुनेपणा नको.

पुढचं स्केच करताना गाडी काढूच नकोस आधी. 60 बाय 40 सेंटीमीटरचा कॅरेट काढ, त्याचे थर लाव, शेजारी चढवणारा माणूस उभा कर, फाळका पाडल्यावर फरशी त्याच्या कमरेला येते का छातीला ते बघ, मग त्याच्याभोवती गाडी काढ, आणि गोल हेडलाइट शेवटी लाव हवे तर, मला पण आवडतात.

टोमॅटोच्या सीझनला नारायणगावला ये, मार्केटात लागलेल्या गाड्यांचे हौदे मोजू. टेप आण. आणि ते पांढरे बूट घालून येऊ नकोस.

तुझा काका