ह्यांचा फोन उघडू का?

"मॅडम, ह्यांचा फोन उघडला तर चालेल का? की चुकीचं होईल?" यजमान जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हल्ली दुःखात असलेल्या बहुतेक घरांतून तो माझ्याकडे येतो.

ताईंनी पर्समधून फोन काढला, रुमालात गुंडाळलेला. रोज रात्री त्या तो चार्जिंगला लावतात. पहाटे ५:४० ला त्यात फिरायला जायचा गजर होतो. सोबतचा मुलगा वैतागलेला. विम्याचे कागद बाबांच्या जीमेलवर, आणि आई फोनला हात लावू देत नाही. तरी त्याने चोरून वाढदिवस, लग्नाची तारीख असे आकडे टाकून पाहिलेच होते.

ते आधी थांबव म्हटलं. सारखे चुकीचे आकडे टाकले तर फोन कायमचा अडकू शकतो. सिमचं रिचार्ज मात्र चालू ठेव. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, पुढे तो परक्याला मिळतो. बाबांच्या यूपीआयवरून पैसे काढू नकोस, बँकेला कळव. आणि विम्यासाठी ईमेल लागतच नाही. पासबुकात हप्ता कुठे जातो ते बघ, मृत्यूचा दाखला घेऊन नॉमिनीने, म्हणजे आईने, त्या कंपनीच्या शाखेत जायचं. जीमेलमधलं काही हवंच असेल तर गूगलकडे दाखल्यासह रीतसर विनंती करता येते. पासवर्ड ते देत नाहीत, मजकूरही दरवेळी देतील असं नाही.

मुलाला बाहेर बसवल्यावर ताई मोकळ्या झाल्या. "शेवटच्या आठवड्यात आमचं बोलणं बंद होतं. भावाला माझ्याबद्दल काय लिहिलं असेल ह्यांनी?"

अडचण इथे होती. मी म्हटलं, ताई, फोन उघडलात म्हणून सगळं वाचायलाच हवं असं कुठे आहे? भावाशी झालेलं बोलणं त्या दोघांचं. काय शोधायचं ते आधी कागदावर लिहा, तेवढंच बघा. माझं स्पष्ट मत आहे, गेलेल्या माणसाचीही खासगी जागा असते.

"मला फक्त आवाज ऐकायचाय," त्या म्हणाल्या.

मग तो तुमच्याच फोनमध्ये असेल की! त्यांनी स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं, वर सरकत गेल्या. अकरा सेकंदांचा निरोप सापडला: "मेथी संपलीय, पालक आणू का?" तीनदा ऐकला. मग मुलाला आत बोलावून चौथ्यांदा लावला.

निघण्याआधी मुलाने स्वतःच्या गूगल खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' चालू केला. ३ ते १८ महिने खातं वापरात नसेल तर आपण निवडलेल्या माणसांना, जास्तीत जास्त १० जणांना, ठरवून दिलेली माहिती मिळते. त्याने पहिलं नाव आईचं घातलं.

ह्यांचा फोन अजून कुणी उघडलेला नाही. पहाटेचा गजर चालू आहे, आणि तो बंद करा असं मी अजून म्हटलेलं नाही.