स्मार्ट सिटी योजना संपली, मग लेकीने त्यात करिअर करायचं का?

नमस्कार सर, सोलापूरहून तुमचं पत्र मिळालं. लेक बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र, तिला शहरांच्या कारभारात काम करायचंय आणि तुमचं म्हणणं असं की स्मार्ट सिटी योजनाच बंद पडली तर नोकरी कुठून येणार, त्यापेक्षा एमपीएससी बरी.

योजना संपली हे खरंय. केंद्राने शहरं सुधारायला जून 2015 मध्ये सुरू केली, 100 शहरं निवडली, सोलापूर तर पहिल्या 20 मध्येच होतं, आणि मार्च 2025 ला मुदत संपली. पण योजना जाते, महापालिका राहते, आणि काम तिथेच आहे.

तुमच्याच गावातलं घ्या ना, उजनी धरणातून सोलापूरला पाणी आणायची समांतर जलवाहिनी. धरण जलसंपदा खात्याचं, पैसा स्मार्ट सिटीसाठी काढलेल्या कंपनीचा आणि एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा, लाइन शंभरएक किलोमीटर शेतकऱ्यांच्या जमिनींतून, आणि घरोघरी पाणी वाटायचं महापालिकेने. यातला एक जरी अडला तरी तुमच्या नळाला चार-चार दिवस पाणी नाही, हे तुम्ही सोसलंय, मी काय सांगणार. इंजिनियर पाइपलाइनचं डिझाइन करतो, पण या सगळ्यांना एका टेबलावर बसवून कोण काय करणार, कधी करणार, लोकांना काय सांगायचं हे ठरवून घेणारी माणसं फार कमी आहेत. तुमच्या लेकीची जागा तिथे आहे असं मला मनापासून वाटतं.

पुण्याचंही उदाहरण आहे. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, स्वच्छ, 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते, महिन्याची फी लोक थेट देतात. नागरिकांनी बजेटमध्ये कामं सुचवायची पद्धतही तिथे 2006 च्या सुमारास आली. पण दुसरी बाजूही तिला दाखवा. स्मार्ट सिटीसाठी वेगळी कंपनी काढली, निम्मा वाटा राज्याचा निम्मा महापालिकेचा, आणि बरेच निर्णय नगरसेवकांच्या सभेऐवजी त्या कंपनीच्या बोर्डात गेले, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ॲपवर तक्रार घेतली म्हणजे लोकांना सहभागी करून घेतलं असं होत नाही.

आता शिक्षण. टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, मुंबईला अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्सचं एमए आहे, त्यासाठी सीयूईटी पीजी ही प्रवेशपरीक्षा बघा. ते जमलं नाही तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा एलएसजीडी, म्हणजे स्थानिक स्वराज्य कारभाराचा डिप्लोमा, महापालिकांत त्याला मान आहे. आणि एमपीएससीचा तर यात विरोधच नाही हो, राज्यसेवेतून नगरपरिषदेचा मुख्याधिकारी होता येतं, त्या खुर्चीत हेच काम रोज करावं लागतं. त्यामुळे तुमचं आणि तिचं भांडण मला तरी दिसत नाही. फक्त एक, शहरांवर काम करणाऱ्या संस्थांमधल्या नोकऱ्या बऱ्याचशा प्रोजेक्टपुरत्या कॉन्ट्रॅक्टवरच्या असतात, पहिली काही वर्षं तशी जातील, घरात आधीच बोलून ठेवा.

तोवर तिला 74 वी घटनादुरुस्ती, म्हणजे महापालिका-नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी, नीट वाचू दे, एक्सेल आणि थोडं जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र, शिकू दे, आणि महापालिकेचं बजेट मिळवून आपल्या भागासाठी किती तरतूद होती आणि किती खर्च झाला ते शोधू दे. सापडलं नाही तर झोन ऑफिसात जाऊन विचारायचं, एकटीने, तुम्ही सोबत जाऊ नका. काय उत्तर मिळालं ते तिलाच मला लिहायला सांगा, त्यावरून टिस की एमपीएससी हे पुढचं बोलू.