दरमहा दीड हजार रुपयांनी गावातल्या गरीब घराला खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि रकमेपेक्षा ती ठरलेल्या वेळी येण्याने जास्त पडतो. लाडकी बहीण योजनेचे जुलै २०२४ पासूनचे दरमहा १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येतात. पैसे येणार हे पक्कं असलं की किराणावाला उधार देतो, पोराच्या तापासाठी सावकाराचं दार धरावं लागत नाही. 'असे पैसे दारूत जातात' हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. मध्य प्रदेशात कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून काही गावांत मोठ्या माणसाला दरमहा २०० आणि मुलाला १०० रुपये देऊन पाहिले (पुढे ३०० आणि १५०). दारू वाढली नाही. मुलांचं खाणं सुधारलं, गुरं-शेळ्या वाढल्या, काहींनी मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात लक्ष घातलं. हप्ता रखडला, की मात्र उधारीची वही पुन्हा उघडते.