काळी माती काढून टाकू नका, आधी दीड फूट खणून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरजवळ उचगावच्या बाजूला नवीन घर, पुढंमागं मिळून चारेकशे स्क्वेअर फूट मोकळी जागा, बिल्डरनं आणून टाकलेली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी तुंबतंय, कढीपत्ता पिवळा पडलाय, गुलाब दोन वर्षांत वाढलाच नाही. माळी म्हणतोय, ही माती काढून पन्हाळ्याकडची तांबडी माती दोन ट्रॉल्या टाकू, नाहीतर यातच वाळू मिसळू. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. बावीस वर्षं मी कसबा बावड्यात अशाच काळ्या मातीत बाग करतेय, त्यामुळं खात्रीनं सांगते.

आपली काळी माती बेसाल्टच्या खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की पाणी प्यायलं की फुगतात आणि सुकलं की आक्रसतात. भेगा त्यामुळंच पडतात, तो काही रोग नाही. तेच कण अन्नद्रव्यं धरून ठेवतात. पंचगंगेकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या जमिनीत, ऊस उगाच येत नाही. तांबडी माती जांभ्याची. पश्चिमेकडच्या धो-धो पावसानं तिच्यातलं बरंचसं धुऊन नेलेलं असतं, ती आम्लधर्मी असते आणि खत टिकवून धरत नाही. कुंडीत मिसळायला ती छान. पण काळ्या जमिनीवर तिचा थर दिला की वरचं पाणी झरझर खाली येतं आणि दोन थरांच्या सांध्यावर अडून बसतं. मुळं कुजतात ती तिथंच.

वाळूचा प्रकार मी स्वतः करून बसलेय. नवीन राहायला आलो तेव्हा अर्धा ब्रास वाळू आणून वाफ्यांत कालवली. पुढच्या मार्चमध्ये कुदळ मारली तर फरशीवर मारल्यासारखा आवाज आला. चिकणमातीचा गुण बदलायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागते. थोडी घातली तर वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमाती भरून काढते आणि सगळं विटेसारखं घट्ट होतं. तो वाफा सुधारायला मला चार वर्षं लागली.

आता खरं काम. कुठलंही खत आणण्याआधी बागेत दोन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या आणि त्याची कड नीट न्याहाळा. नव्या प्लॉटवर बहुतेक वेळा काय निघतं सांगू? वर आठ-नऊ इंच काळी माती, तिच्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम आणि मध्ये विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, चुना. तुमच्याकडं तसंच निघालं तर पाणी तुंबण्याचं कारण माती नाही, खालचा दाबलेला थर आहे. राडारोडा हातानं वेचून बाहेर काढा, कारण सिमेंट आणि चुना मातीचा सामू (पीएच) वाढवतात. मुरूम पहारीनं जागोजागी फोडा.

मग त्याच खड्ड्यात पाणी भरा. पहिलं पाणी जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावून पट्टीनं मोजा. तासाला एक इंचापेक्षा जास्त उतरलं तर चिंता नाही. त्याहून कमी असेल तर वाफे जमिनीपासून आठ-दहा इंच उंच करा आणि मध्ये पाणी वाहून जायला चर ठेवा. आणखी एक सोपी तपासणी: सुक्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत चुनखडी आहे.

तुमच्या कढीपत्त्याचं उत्तर बहुधा इथंच आहे. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि मुळाशी पाणी साठलं की आणखी अवघड होतं. तूर्त एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाहीत. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर मात्र नत्र कमी आहे, तिथं हिराकसचा उपयोग नाही.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचंय, कारण काळ्या मातीची अर्धी दुखणी तिच्याशी बांधलेली आहेत. ती म्हणजे वाफसा, माती ना चिखल ना कोरडी, हात घालण्याजोगी ओलसर असण्याची अवस्था. आमची शेती शिरोळ तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हा मी हौसेनं पावसाच्या दुसऱ्याच दिवशी परसातल्या मातीत खुरपं घातलं, तर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातातलं खुरपं काढून घेतलं. खाली बसले, चार बोटं खोल जाऊन मूठभर माती घेतली, दाबून लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. तो पडून नुसता चपटा झाला. म्हणाले, "अजून वाफसा नाही, चार दिवस माती दुखवायची नाही." चौथ्या दिवशी तसाच लाडू पडला आणि भुसभुशीत फुटला. मग म्हणाले, आता घाल खुरपं. ओल्या काळ्या मातीत पाय दिला, फावडं घातलं की कणांमधल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, आणि एकदा मिटल्या की खत घालूनही महिनोन्महिने उघडत नाहीत. सन २०१९ च्या पुरात आमच्या बागेवर तीन इंच गाळ बसला होता. शेजारीपाजारी लगेच उपसायला लागले. मी गाळाला वाफसा येईपर्यंत हात लावला नाही. भेगा पडून खपल्या सुटल्यावर बागेच्या दातेरी काट्यानं उचलून जागच्या जागी कालवला. त्या हिवाळ्यात तिथं जी मेथी आली, तशी आधी कधी आली नव्हती.

त्यामुळं वाफ्यात पाय द्यायचाच नाही, अशी रचना करा. चार फूट रुंद वाफा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो.

आत्ता एप्रिल आहे आणि भेगा उघड्या आहेत. याचा फायदा घ्या. चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत झाडूनं त्या भेगांत लोटा. न खणता खत फूटभर खोल जातं. वळीव पडून वाफसा आला की वाफ्यावर दोन इंच खताचा थर द्या आणि वरच्या चार-पाच इंचांत काट्यानं हलवा. दहा बाय चारच्या वाफ्याला साधारण १३-१४ घमेली लागतात. शेणखत घेताना मुठीत घेऊन वास घ्या. पावसाच्या मातीसारखा आला तर घ्या. शेणाचा आला किंवा आत हात घातल्यावर गरम लागलं तर ते कच्चं आहे, आणि कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, बागेत येते. साखर कारखान्याच्या मळीचंही (रस गाळल्यावर उरणारा गाळ) तेच, कुजवलेलीच घ्यावी.

आपल्याकडची सगळ्यात मोठी दौलत मात्र पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. गळीत हंगामात शेताच्या शेतं पेटवतात ते बघून जीव तुटतो. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून टेम्पोभर आणा आणि वाफ्यांवर तीन-चार इंच अंथरा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, आणि पाचट मातीत गाडू नका. कोरडं पाचट मातीत गेलं की ते कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि झाडं पिवळी पडतात. वर अंथरलं तर तसं होत नाही. दिवाळीच्या सुमाराला ते उचलून बघा. खालची माती ओलसर, काळीभोर, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांनी भरलेली दिसेल. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती.

मोकळ्या जागेत जूनमध्ये ताग पेरा. ४५-५० दिवसांनी, फुलं धरायला लागली की कापून वरच्या मातीत मिसळा. ताग हिरवा आणि कोवळा असतो, त्यामुळं पाचटासारखं नत्र ओढत नाही, उलट देतो. त्याची सोटमुळं खाली भोकं पाडून जातात तो फायदा वेगळाच. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून लावणी करा.

माती सुधारायला जिप्सम घाला, असं खाली प्रतिक्रियेत एकांनी सुचवलंय. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, म्हणजे जिथं मातीत सोडियम वाढलाय तिथलं. शिरोळकडं उसाला वर्षानुवर्षं जास्त पाणी देऊन अशा जमिनी झाल्यात, आमचाही एक तुकडा त्यात गेला. तुमच्या बागेत सोडियम वाढलाय हे कळल्याशिवाय पोतं आणू नका. बोअरचं पाणी घालत असाल तर मात्र माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. चार-पाच ठिकाणी अर्धा फूट खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्या, मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका, म्हणजे भेगांत खत लोटण्याच्या आधीच घ्या. अहवालात सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असेल तर उत्तम, आठच्या पुढं गेला तर जपून. क्षारता (अहवालात ईसी) एकच्या खाली हवी. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमीच म्हणायचा. आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ लवकर जळतो, म्हणून खताचा थर एकदाच देऊन भागत नाही, दरवर्षी द्यावा लागतो.

गुलाबाला आत्ता हलवू नका, उन्हात मरेल. पावसाळ्यात उंच वाफा तयार झाला की बघू. खड्डा घेतलात की कडेचा फोटो इथं टाका, शेजारी पट्टी उभी करून. मुरूम किती खोलीवर लागतोय ते बघितलं की कढीपत्ता आहे तिथंच ठेवायचा का, तेही सांगते.