वडिलांचं रेडिएशन चालू असताना त्यांचं साखर-दूध बंद केलं तर गाठ उपाशी मरते का?

गाठ नाही, वडील उपाशी मरतील. तिखट लिहितोय, कारण बाबांच्या गालाच्या कॅन्सरच्या वेळी हाच सल्ला आमच्या आत्याने दिला होता आणि मी तो मुकाट पाळला.

बाबा ६१ किलोचे. साखर, दूध, भात सगळं बंद. दुधीचा रस आणि पातळ पेज. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटलं, वरणाचं पाणीही झोंबायला लागलं. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणत होते. आत्या म्हणाली, "नळी लागली की माणूस संपला." आम्ही नकार दिला. एके दिवशी टेक्निशियनने रेडिएशनचा जाळीचा मास्क बाबांना चढवला आणि गालापाशी आपलं बोट आत सरकवून मला दाखवलं. वजन ५३. डोकं हलू नये म्हणून हा मास्क घट्ट बसावा लागतो; सैल म्हणजे नेम चुकणार. नवा मास्क, नवं स्कॅन, चार दिवसांचा खाडा. रेडिएशनमध्ये खाडा परवडत नाही.

कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. आत्याचं तेवढं खरं. पण खाणं तोडलं म्हणून रक्तातली साखर संपत नाही. लिव्हर ती स्नायूंच्या प्रथिनांतून बनवतं. गाठीचं ताट वाढलेलंच, फक्त बाबांच्या दंड-मांड्यांतून.

शेवटी नळी घातली. दर दोन तासांनी २०० मिली: दूध, उकडलेलं अंडं, डाळभात, तेल, आणि हो, साखर. मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं. एकदा नाचणी दाट राहिली आणि नळी तुंबली. रात्री अकराला सिरिंजने कोमट पाणी मारत बसलो होतो. रोज वजनाच्या किलोमागे साधारण ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पेजेवर तो हिशेब जमूच शकत नाही.

बाबा आता घरी चहा पितात, दोन चमचे साखरेचा. आत्या अजून सांगत फिरते, भाऊ दुधीने वाचला.

हां, मधुमेह असेल तर साखरेचं डॉक्टरांना विचारूनच. बरेच दिवस पोटात काही नसेल तर एकदम भरपूर देऊ नका, रक्तातले क्षार घसरतात. आहारतज्ज्ञ सांगतील तसं वाढवा. आणि नळीतून देताना बसवून द्या, नंतरही अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.